इंजिन बदललं, पण मेंदूचं काय?

मंडळी, गेल्या अंकात आम्ही उन्हाळ्यातल्या टायरांविषयी लिहिलं होतं. त्यावर जे फोन आले त्यांत टायरबद्दल विचारणारे थोडे आणि इंजिनाबद्दल विचारणारेच जास्त होते. "जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवायचं म्हणतोय, तुमचं काय मत?" हा एकच प्रश्न तीन घरांतून आला. इंजिन कुठलं घ्यायचं हे तिघांचंही आधीच ठरलेलं होतं, आम्ही फक्त होकार भरायचा होता. पण त्या इंजिनाला हवा किती द्यायची, पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी कधी पाडायची हे ठरवणारे जे भाग असतात, म्हणजे थ्रॉटल, सेन्सर, वायरिंग आणि कॉम्प्युटर, त्यांचा विचार तिघांपैकी एकानेही केलेला नव्हता. म्हणून या वेळचा लेख त्यांच्यावर.

तिघांपैकी एका घराची हकीगत त्यांच्या परवानगीने, नाव न घेता सांगतो. दम्मामचे आमचे एक स्नेही. त्यांच्याकडे १९८८ सालची लँड क्रूझर आहे, साठ मालिकेतली, चौकोनी तोंडाची. आत टोयोटाचं मूळचं ४ लिटरचं, सहा सिलिंडरचं, कार्ब्युरेटरवालं इंजिन. गाडीची चेसिस ठणठणीत, पण इंजिन थकलेलं. मुलगा यंदा बारावी झाला, ऑगस्टमध्ये इंजिनिअरिंगसाठी पुण्याला जाणार. त्याआधी बापलेकांनी मिळून गाडीत व्ही-एट बसवायचं आणि हाफ मूनच्या वाळूत सगळ्या मित्रमंडळींना फिरवून आणायचं, असा बेत. पैशांची तजवीज झाली, सनाइयातली वर्शा ठरली. अडलं ते वहिनींपाशी. त्यांनी एवढंच विचारलं, "दाबलं की पळेल हे कळलं. पण पाय काढला की थांबेल ना?"

स्नेही हसले. आम्हांला मात्र हसू आलं नाही. कारण मुलाने जी सामानाची यादी केली होती ती वाचल्यावर या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं छातीठोकपणे देता येत नव्हतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. इंजिन बदलण्याची हौस सौदीत जुनी आहे. मोठ्या गाड्या, वाळवंट, आणि प्रत्येक शहराच्या कडेला तशलीह, म्हणजे मोडीत निघालेल्या गाड्यांचा बाजार. रियाधवाल्यांना अल-हायरचा तशलीह सांगायला नको. तिथे पाहिजे त्या गाडीचं पाहिजे ते इंजिन ओळीने मांडलेलं दिसतं. निस्सान पट्रोलचं ४.८ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, टोयोटाचं साडेचार लिटरचं, आणि शेवरले कॅप्रिस, टाहो, सबर्बन यांतली व्ही-एट, ही इथली लाडकी मंडळी. 'शास' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लँड क्रूझर पिकअपमध्ये काय काय बसवलेलं असतं ते बॉनेट उघडल्याशिवाय कळत नाही.

आपल्यालाही हा प्रकार नवा नाही. आम्ही शाळेत असताना कोल्हापूरच्या उद्यमनगरात पेट्रोल जीपमधलं इंजिन काढून डिझेल बसवून देणारे मिस्त्री होते. प्लेट कापायची, माउंटिंग वेल्डिंग करायचं, आणि गाडी रस्त्यावर. त्या डिझेलला ठिणगी लागत नव्हती, पेट्रोलचं आणि हवेचं प्रमाण जुळवायचं नव्हतं. पंप यांत्रिक. पायापासून पंपापर्यंत एक सळई किंवा केबल नेली की काम झालं. इंजिन हेच सर्वस्व होतं, त्याला वेगळा मेंदू नव्हता.

मेंदू नंतर आला. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९६७ साली इलेक्ट्रॉनिक पेट्रोल इंजेक्शन मोठ्या प्रमाणावर बाजारात आणलं, ते फोक्सवागनच्या गाडीत. १९७९ साली त्याच कंपनीच्या 'मोट्रॉनिक' यंत्रणेने इंजेक्शन आणि ठिणगी ही दोन्ही कामं एकाच कॉम्प्युटरकडे सोपवली. आपल्याकडे सामान्य माणसाला हा बदल दिसला तो २००० सालच्या आसपास, मारुतीच्या पाठीवर 'एमपीएफआय' ही अक्षरं आली तेव्हा. तेव्हापासून इंजिन म्हणजे नुसता लोखंडाचा ठोकळा राहिलेला नाही. त्याच्यासोबत पंधरा-वीस सेन्सर, एक कॉम्प्युटर आणि या सगळ्यांना बांधणारं वायरिंग येतं. या वायरिंगला इथले मेकॅनिक 'दफीरा' म्हणतात. दफीरा म्हणजे वेणी. शब्द चपखल आहे. वेणी मध्येच कापून दुसऱ्या वेणीला जोडली तर काय दिसेल, तेच या वायरिंगचं होतं.

आता थ्रॉटल. जुबैलच्या कारखान्यात आम्ही रोज जे बटरफ्लाय व्हॉल्व्ह बघतो, त्याचंच हे धाकटं भावंडं. नळीत एक गोल चकती. ती आडवी फिरली की वाट मोकळी, उभी राहिली की वाट बंद. आपण ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा पेट्रोल सोडत नसतो, ही चकती फिरवून हवा आत सोडत असतो. किती हवा आत आली हे सेन्सर कॉम्प्युटरला सांगतात आणि कॉम्प्युटर त्या हिशेबाने पेट्रोल सोडतो. कारखान्यातला प्रत्येक व्हॉल्व्ह निवडताना आम्ही पहिला प्रश्न विचारतो: हवा गेली, वीज गेली, तार तुटली, तर हा व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला जाईल? उघडा राहील की बंद होईल? वहिनींनी नेमका हाच प्रश्न विचारला होता. एम.एस. करून आम्ही जे शिकलो ते त्यांनी स्वयंपाकघरातून विचारलं.

थ्रॉटलची दोन घराणी आहेत. पहिलं केबलचं. पेडलला पोलादी तार, तारेचं दुसरं टोक चकतीच्या चाकाला, आणि चकती बंद करायला स्प्रिंग. पाय काढला की स्प्रिंग चकती मिटवते. इंजिन नुसतं चालू ठेवण्यापुरती हवा बाजूच्या छोट्या वाटेने जाते, आणि ती वाट कमीजास्त करायला कॉम्प्युटरच्या हाताखाली एक छोटी मोटर असते.

दुसरं घराणं विजेच्या तारेचं. इथे पेडलचा चकतीशी यांत्रिक संबंधच नाही. पेडलमध्ये दोन किंवा तीन सेन्सर असतात, ते 'पाय इतका दाबला आहे' असं कॉम्प्युटरला सांगतात, आणि कॉम्प्युटर मोटरने चकती फिरवतो. बीएमडब्ल्यूने आपल्या बारा सिलिंडरच्या ७५० मध्ये १९८७ सालीच हे आणलं होतं. पुढे ते सगळीकडे झालं. यात दोन सेन्सर का? तर एक खोटं बोलला तर दुसऱ्याने पकडावा म्हणून. काही गाड्यांत पहिला जितके व्होल्ट दाखवतो त्याच्या निम्मे दुसऱ्याने दाखवायचे असं ठरलेलं असतं. हिशेब जुळला नाही की कॉम्प्युटर इंजिनाची ताकद काढून घेतो आणि दिवा लावतो. चकतीवरही असेच दोन सेन्सर. मोटरची वीज गेली तर स्प्रिंग चकतीला जवळजवळ बंद अशा जागी आणून ठेवते, म्हणजे गाडी हळूहळू कडेला घेता येते.

'विजेचं थ्रॉटल आपोआप उघडतं' असं अनेक जण म्हणतात. २००९-१० मध्ये टोयोटाने अमेरिकेत लाखो गाड्या परत बोलावल्या, त्याची ही आठवण. तिथल्या वाहतूक खात्याने नासाच्या अभियंत्यांकडून तपास करून घेतला. फेब्रुवारी २०११ मध्ये आलेल्या अहवालात इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. पेडलमध्ये अडकणारी पायपुसणी आणि चिकटणारी पेडलं ही कारणं पुढे आली. ऑक्टोबर २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या एका खटल्यात ज्युरीने मात्र सॉफ्टवेअरकडे बोट दाखवणाऱ्या तज्ज्ञांचं ऐकून कंपनीविरुद्ध निकाल दिला. यातून आम्ही एवढंच घेतलं: कंपनीने वर्षानुवर्षं तपासलेल्या यंत्रणेवरही इतका वाद होतो, तर आपण सनाइयात चार गाड्यांचे भाग एकत्र करून जी यंत्रणा तयार करणार, तिची खात्री कोण देणार? आणि साध्या पायपुसणीला कमी लेखायचं नाही.

आता मुलाची यादी. इंजिन: जुन्या कॅप्रिसमधलं ५.७ लिटरचं एलएस-१. ही कॅप्रिस म्हणजे ऑस्ट्रेलियात होल्डनच्या कारखान्यात बनून आखातात येणारी. तो कारखाना ऑक्टोबर २०१७ मध्ये बंद झाला, पण गाड्या अजून तशलीहमध्ये भरपूर. थ्रॉटल: ९० मिलिमीटरचं, विजेचं, चकचकीत. पेडल: टाहोचं, कारण ते स्वस्तात मिळत होतं. कॉम्प्युटर: नंतरच्या ६ लिटर कॅप्रिसचा, कारण 'काका, तो नवीन आहे ना.' प्रत्येक वस्तू चांगली. पण एकाची दुसऱ्याशी ओळख नाही.

कुठे अडतं ते बघा. या घराण्यातल्या सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकवर २४ खुणांचं चाक असतं, नंतरच्या इंजिनांत ५८ दातांचं. कॉम्प्युटर हे चाक मोजूनच ठिणगीची वेळ ठरवतो. ५८ मोजायला शिकलेल्या कॉम्प्युटरला २४ खुणांचं इंजिन दिलं तर ते सुरूच होणार नाही. ढोबळ खूण अशी की क्रँकचा सेन्सर काळा असेल तर २४, राखाडी असेल तर ५८. पण कोणी सेन्सर बदललेला असू शकतो, म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नये. पुढे, सुरुवातीच्या विजेच्या थ्रॉटलमध्ये पेडल आणि कॉम्प्युटर यांच्या मध्ये आणखी एक पेटी असायची, ती मोटर चालवायची. नंतरच्या काळात ती पेटी कॉम्प्युटरच्या पोटात गेली. त्यामुळे पेडल, पेटी, थ्रॉटल आणि कॉम्प्युटर हे चौघं एकाच काळातले आणि एकमेकांचे नसतील तर व्होल्टचा हिशेब जुळत नाही. नशीब चांगलं असेल तर गाडी चालणारच नाही. नशीब वाईट असेल तर कोणीतरी 'उस्ताद' रेझिस्टर टाकून हिशेब जुळवल्याचं भासवील आणि ती चालेल! तो दुसरा सेन्सर ज्या दिवसासाठी ठेवलेला असतो, त्या दिवशी तो तिथे नसेल. तेव्हा कुठल्याही उस्तादाने 'दोन्हींची वायर एकच करतो, चालतं' असं म्हटलं की गाडी तिथून बाहेर काढावी.

म्हणून आमचा पहिला आणि खरं तर एकमेव नियम: पायापासून क्रँकपर्यंतची साखळी एकाच गाडीची घ्या. पेडल, केबल किंवा पेटी, थ्रॉटल, सेन्सर, दफीरा, कॉम्प्युटर आणि किल्ली. हो, किल्लीसुद्धा, कारण अनेक कॉम्प्युटर आपली किल्ली ओळखल्याशिवाय पेट्रोल सोडत नाहीत. ती अट प्रोग्रॅममधून काढता येते, पण ते काम आधी ठरवावं लागतं. तशलीहमध्ये सुटं इंजिन घेऊ नका. समोरचा भाग शाबूत असलेली, मागून ठोकर बसलेली अख्खी गाडी शोधा, शक्य असेल तर इंजिन तिथेच सुरू करून बघा, आणि मग दफीरा एकही वायर न कापता, प्लग सोडवून, चिठ्ठ्या लावून बाहेर काढा. चार पैसे जास्त जातील. पण पावती घ्या, उद्या कोणी विचारलं तर इंजिन कुठून आलं ते दाखवता आलं पाहिजे.

आता मोठ्या थ्रॉटलचा मोह. मुलाला वाटत होतं की ७५ ऐवजी ९० मिलिमीटर बसवलं की गाडी उडेल. आम्ही त्याला कागद-पेन्सिल दिली. ५.७ लिटरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोट भरतं. मिनिटाला ५,५०० फेरे आणि भरणं ८५ टक्के धरलं तर सेकंदाला सुमारे २२० लिटर हवा. ७५ मिलिमीटरच्या भोकातून ती सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाने जाते, ९० च्या भोकातून ३५ मीटरने. या वेगांसाठी लागणारा दाब काढला तर एकीकडे साधारण १.४ किलोपास्कल आणि दुसरीकडे ०.७. वातावरणाचा दाब १०१. म्हणजे फरक एक टक्क्याहूनही कमी, तोही पेडल पूर्ण दाबून इंजिन किंचाळत असताना. उलट भोकाचं क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढतं, त्यामुळे पाय जरासा हलला तरी हवा भसकन आत जाते. वाळूत, जिथे पाय आधीच उड्या मारत असतो, तिथे हे नको. मुलाने स्वतःच यादीतून ९० खोडलं. पुण्याला जाण्याआधी एक गणित त्याने स्वतःच्या गरजेसाठी सोडवलं, हे त्याच्या बाबांना जास्त आवडलं.

हवा मोजायच्या दोन पद्धती आहेत. एकीत हवेच्या वाटेत तापलेली बारीक तार असते, वाहत्या हवेने ती किती गार होते त्यावरून हवा मोजतात. दुसरीत इनटेकमधला दाब आणि तापमान यांवरून हवेचा हिशेब काढतात. एलएस इंजिनात दोन्ही सेन्सर येतात. इथे वाळवंटात तापलेल्या तारेचा शत्रू म्हणजे धूळ, आणि तेल लावलेले 'स्पोर्ट्स' फिल्टर. तेलाचा थर तारेवर बसला की ती हवा चुकीची मोजते. तेव्हा कंपनीचा कागदी फिल्टर, मोठ्या डब्यातला, आणि त्याचं तोंड गरम इंजिनापासून दूर. 'तार काढून टाका, दाबावर चालवू' असंही काही जण सांगतात. ते जमतं, पण कॉम्प्युटरमधला हिशेब नव्याने लिहावा लागतो, नुसता प्लग काढून भागत नाही.

कार्ब्युरेटर सोडून या भानगडीत पडायचं कशाला, असं विचाराल. त्याचं उत्तर अब्हाच्या वाटेवर मिळतं. अब्हा समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंच. तिथे हवेचा दाब जेद्दापेक्षा जवळजवळ पावपट कमी. जेद्दात नीट जमवलेला कार्ब्युरेटर वर गेला की पेट्रोल जास्त पाजतो, काळा धूर आणि मंद गाडी. कॉम्प्युटर दाब वाचतो आणि स्वतःच पेट्रोल कमी करतो. सुटीत सहकुटुंब अब्हाला जाऊन आलेल्यांना हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

एसी हा इथे चैनीचा भाग नाही. तो लागला की कंप्रेसर इंजिनावर ओझं टाकतो. मूळ गाडीत एसीचं बटन आधी कॉम्प्युटरला 'मी येतोय' असं सांगतं, कॉम्प्युटर थोडी हवा वाढवतो, मग कंप्रेसर लागतो. इंजिन बदलताना ही एक वायर सगळ्यांत जास्त विसरली जाते. मग ४८ अंशांत सिग्नलला गाडी बंद पडते, आणि मेकॅनिक थ्रॉटलचा स्क्रू फिरवून चकती थोडी उघडी ठेवून देतो. झाला घोटाळा! पाय काढला तरी हवा जातच राहते. वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच 'नाही' असं होतं. तेव्हा तो स्क्रू कोणालाही फिरवू देऊ नये. आधी एसीची वायर आणि पंख्याची वायर जोडली आहे का ते बघावं.

कॉम्प्युटरची पेटी बॉनेटखाली एक्झॉस्टजवळ लटकावू नये. डॅशबोर्डच्या मागे, गार जागी ठेवावी, आणि दफीरा जिथे पत्र्यातून आत शिरतो तिथे रबरी कडं घालावं. इंजिनाची अर्थिंगची जाड वायर नवी घालावी. सेन्सर 'खराब' म्हणून बदलले जातात आणि दोष अर्थिंगचा निघतो, हे आम्ही कारखान्यातही बघतो.

पेट्रोलचा दाब हा जिवाचा विषय आहे. कार्ब्युरेटरला जेमतेम ४-५ पीएसआय लागतात, एलएस इंजिनाला सुमारे ५८. जुनी रबरी नळी आणि साधा क्लॅम्प त्या दाबाला टिकत नाही. गरम एक्झॉस्टवर पेट्रोलचा फवारा म्हणजे आग. इंजेक्शनसाठीची नळी, टाकीत पंप, आणि चढउतारावर पंप कोरडा पडू नये म्हणून टाकीत कप्पा, हे इंजिनाच्या किमतीतच धरा. पैसे कमी पडत असतील तर व्ही-एट सोडा, नळी सोडू नका. अशा वेळी टोयोटाचंच साडेचार लिटरचं इंजेक्शनवालं इंजिन बघावं. मूळच्या दीडशेच्या आसपासच्या अश्वशक्तीऐवजी दोनशेच्या वर मिळतात, सुरुवातीच्या इंजिनांना केबलचं थ्रॉटल आहे, आणि ते न ओळखणारा मेकॅनिक सौदीत सापडणार नाही. गिअरबॉक्स जुना ऑटोमॅटिक असेल तर आणखी एक गोष्ट. त्याला थ्रॉटलपासून एक केबल जाते, पाय किती दाबला ते त्यावरून त्याला कळतं. नव्या थ्रॉटलवर ती जोडायची सोय नसेल तर गिअरबॉक्स आतून जळतो.

बाजारात कोरे कॉम्प्युटरही मिळतात, कुठल्याही इंजिनाला चालणारे. शर्यतीच्या गाड्यांना ते उत्तम. पण कोऱ्या कॉम्प्युटरमध्ये सगळे आकडे कोणीतरी बसून भरावे लागतात, आणि ते ज्याने भरले त्यालाच पुढे समजतात. आपण इथे इकाम्यावर राहणारी माणसं. आपला ट्यूनरही तसाच. तो फायनल एक्झिटवर गेला तर गाडीचा मेंदू त्याच्यासोबत गेला म्हणायचं. कंपनीच्या कॉम्प्युटरचं वायरिंग छापील पुस्तकात असतं, आणि दोष दाखवणारं साधं यंत्र कुठल्याही वर्शात लावता येतं. कुटुंबाच्या गाडीला आम्ही तोच सुचवतो.

कायद्याचंही बघा. रीतसर प्रक्रिया न करता गाडीत फेरफार करणं हा इथे नियमभंग आहे. काम सुरू करण्याआधी मुरूरकडे आणि विमा कंपनीकडे विचारा, नंतर नव्हे. वार्षिक फहसला ब्रेक आणि धूर दोन्ही बघतात. ताकद दुप्पट केली आणि ब्रेक १९८८ चेच ठेवले तर फहसवाल्यांनी अडवलं म्हणून रागावू नये.

स्नेह्यांच्या घरी शेवटी काय ठरलं? अख्खी जुनी कॅप्रिस, ५.७ लिटरची, केबलच्या थ्रॉटलची. तिचंच इंजिन, तिचाच दफीरा, तिचाच कॉम्प्युटर आणि किल्ली. लँड क्रूझरचा हाताने बदलायचा गिअरबॉक्स तसाच ठेवायचा, आणि ऑटोमॅटिक नाही हे कॉम्प्युटरला प्रोग्रॅममधून सांगायचं. केबलला पसंती दिली कारण या गाडीत मुळात इलेक्ट्रॉनिक काहीच नाही, आणि केबल डोळ्यांनी तपासता येते. तरी तिचीही पथ्यं आहेत. तार एक्झॉस्टपासून लांब. इंजिन जोरात वळतं तेव्हा माउंटिंगवर हलतं, त्या हलण्याने तार ओढली जाऊ नये इतकी ढिलाई. पेडलखाली अडसर, म्हणजे पायाचा जोर चकतीवर येत नाही. एकाऐवजी दोन स्प्रिंगा. आणि पायपुसणी खिळवलेली.

वहिनींसाठी आम्ही एक परीक्षा लिहून दिली आहे. इंजिन बंद असताना एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चकती बघायची. पूर्ण उघडली पाहिजे, सोडल्यावर टक् आवाज करून मिटली पाहिजे. एक स्प्रिंग काढून पुन्हा तेच. इंजिन कडकडीत तापल्यावर पुन्हा तेच. मग गाडी जागेवर उभी ठेवून एसी, दिवे सगळं चालू करायचं आणि स्टिअरिंग टोकापर्यंत वळवायचं, इंजिन बंद पडता कामा नये. शेवटी दफीरा हाताने हलवून बघायचा. ज्यांचं थ्रॉटल विजेचं आहे त्यांनी, गाडी गिअरमध्ये नसताना, चालू इंजिनावर पेडलचा प्लग काढून बघावा. दिवा लागला पाहिजे, इंजिनाचा आवाज चढता कामा नये. या सगळ्यांत पास झाल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही, आणि परीक्षक वहिनी.

यासाठी एक किंमत मोजावी लागली. हे सगळं ऑगस्टच्या आत होत नाही. मुलगा नाराज झाला. बाबा त्याच्याहून जास्त झाले, कारण पुढच्या उन्हाळ्यात तो येईल तेव्हा त्याला बापाबरोबर ग्रीसमध्ये हात घालायची हौस असेलच याची खात्री कोणाला? पण घाईत जोडलेल्या थ्रॉटलने दोघांना घेऊन वाळूत जाण्यापेक्षा हे बरं, असं त्यांनीच म्हटलं. सध्या कॅप्रिस घरामागे उभी आहे आणि मुलगा दफीऱ्याच्या प्रत्येक प्लगला मराठीत चिठ्ठी लावतोय. निघण्याआधी तेवढं तो पुरं करणार आहे. त्या चिठ्ठ्यांवरून एक आकृती काढून ती प्लॅस्टिकमध्ये घालून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवायची, असं ठरलंय. मराठीबरोबर इंग्रजीत आणि अरबीतही लिहा असं आम्ही सांगितलं. आपण इथून कधी ना कधी जाणार. गाडी राहणार. ती ज्याच्या हाती जाईल त्याला कळलं पाहिजे की तिच्या आत कोणाचं काय आहे.

पुढच्या अंकात ब्रेकविषयी. ताकद वाढवणाऱ्यांनी तो आधी वाचावा.